वांग्याच्या पश्चात मोठा परिवार

डिंभे, १५ जून २०२५

आदरणीय नसीम बाई,
साष्टांग नमस्कार.

मी अक्षदा. घोडेगावच्या शाळेत तुमच्या वर्गात होते आणि निबंधात जिथे तिथे ‘अतिशय’ लिहायचे, ती. तुम्ही एकदा माझ्या वहीतले सगळे ‘अतिशय’ खोडले आणि निबंध अर्धाच उरला. आता ओळख पटली असेल.

बाई, तुमच्याकडे काम आहे. माझी मुलगी संस्कृती यंदा पाचवीत गेली. आमच्या वाडीतली शाळा चौथीपर्यंतच. पुढे घोडेगावला यायचं तर एसटीवर भरवसा ठेवावा लागतो, आणि आमची एसटी तुम्हाला माहीत आहे, आली तर आली. म्हणून मी ठरवलं की हिला घरीच शिकवायचं, परीक्षा बाहेरून देता येते. गणित आणि विज्ञान मी बघते. हिचे बाबा चाकणला कंपनीत असतात, रविवारी येतात आणि इंग्रजीचा धडा घेता घेता झोपतात. राहिलं मराठी. व्याकरण, वाचन, लेखन हे काही माझ्या आवाक्यातलं नाही.

त्यात माझे सासरे, हौशीराम मामंजी, यांना हे घरचं शिक्षण मुळीच पटलेलं नाही. परवा ओसरीवर बसून त्यांनी निकाल दिला, “घरात राहून पोरगी मुकी व्हईल. दिवाळीपतुर तिनं चार मान्सांत उभं राहून धड बोलून दाखवावं. न्हाईतर मी सोता तिला मंचरच्या वसतिगृहात टाकून येनार.” ते बोलले की करतात. दहा वर्षांची पोर माझ्यावाचून परक्या ठिकाणी कशी झोपणार? पत्रांतून तिला शिकवाल का? फोनला इथे धड रेंज नाही, आणि असली तरी तुम्ही फोनवर शिकवायच्या नाहीत हे मला ठाऊक आहे.

तुमची,
अक्षदा

घोडेगाव, २२ जून

चि. अक्षदा,

ओळख पटली. अख्ख्या पत्रात स्वतःहून घातलेला एकही ‘अतिशय’ नाही, म्हणजे माझे कष्ट पाण्यात गेले नाहीत.

शिकवीन. न शिकवून करणार काय? निवृत्त झाल्यापासून माझी लाल शाई वाळत चालली आहे. आमची सून रुक्साना परवा हात जोडून म्हणाली, “अम्मी, किराण्याच्या यादीवर तरी लाल खुणा करू नका, दुकानदार हसतो.”

माझी रीत तीच. व्याकरण वेगळं घोकून घेत नाही, पोरीने लिहिलेल्या ओळीतूनच शिकवते. आधी तिने लिहायचं, मग मी लाल करायचं. आणि लिहायचं ते स्वतः पाहिलेलं, चाखलेलं. ज्याच्यापाशी स्वतःचं काही सांगायला असतं, तो चार माणसांत गप्प बसत नाही. तुझ्या सासऱ्यांना सांग, दिवाळीच्या आत पोरगी बोलेल, आणि मग तेच म्हणतील, बाई, आता हिला गप्प करा.

संस्कृती, हे तुला. तुझ्या आवडत्या भाजीवर दहा ओळी लिहून पाठव. आईला विचारायचं नाही.

आशीर्वाद आणि दुवा,
नसीम बाई

डिंभे, २ जुलै

आदरणीय बाई आणि समोर बसलेले सर्व मान्यवर, यांना नमस्कार.

माझी आवडती भाजी

वांगं हे मनमिळाऊ आणि सर्वांना सोबत घेऊन चालणारं व्यक्तिमत्त्व होतं. अत्यंत गरीब परिस्थितीतून, उकिरड्याशेजारच्या वाफ्यातून त्याने स्वतःचं विश्व उभं केलं. बटाटा असो, वाल असो की सुकट असो, त्याने कधी कोणाला परकं मानलं नाही. अंगावर काटे असूनही त्याने कधी कोणाला दुखावलं नाही. लग्न असो वा सप्ताह, बोलवा अगर न बोलवा, वांगं हजर असायचं. काल दुपारी भाकरीबरोबर ते आपल्यातून निघून गेलं. त्याच्या जाण्याने ताटात कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. वांग्याच्या पश्चात मिरची, कांदा, लसूण आणि शेंगदाण्याचं कूट असा मोठा परिवार आहे. ईश्वर त्याच्या आत्म्यास शांती देवो. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते. पुढच्या वक्त्यांनी वेळेचं भान ठेवावं.

आपली नम्र,
संस्कृती

घोडेगाव, ९ जुलै

चि. अक्षदा,

हसता हसता माझा चष्मा आमटीत पडला. रुक्सानाला वाचून दाखवलं, तर तिने चिरायला घेतलेली वांगी परत टोपलीत ठेवली. म्हणाली, “अम्मी, आता हात कसा उचलू?” त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

पण गंमत बाजूला ठेव. ही भाषा दहा वर्षांच्या मुलीची नाही. ही उचललेली आहे. माझा अंदाज सांगते, पोरगी वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचते. घरात पेपर येत असेल तर काही दिवस बंद कर. दुसऱ्याचे शब्द तोंडात बसले की स्वतःचे बाहेर यायला जागा राहत नाही, आणि मग दिवाळीला ती सासऱ्यांपुढे बोलणार काय, वांगं?

त्या निबंधात तिच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट आहे, उकिरड्याशेजारचा वाफा. तिथे मी शाबासकी लिहिली आहे. बाकी पान लाल आहे, ते पाहून तिने घाबरू नये. पुढचा विषय, एसटीचा प्रवास.

नसीम बाई

डिंभे, १८ जुलै

आदरणीय बाई,

तुमचा अंदाज अगदी बरोबर. पेपरच होता. मी तो बंद केला आणि काय सांगू, पोरगी चार दिवसांत सुधारली. सोबत तिचा निबंध आहे. मी हात लावलेला नाही, फक्त शेजारी बसले होते.

‘एसटी उशिरा आली. आम्ही चढलो. खूप गर्दी होती. एका आजीच्या पिशवीत कोंबडी होती. तिचं फक्त डोकं बाहेर होतं. कंडक्टर म्हणाला, हिचं तिकीट? आजी म्हणाली, ही घरचीच आहे. घोडेगाव आलं. आम्ही उतरलो. कोंबडी पुढे गेली.’

मामंजींना मी वाचून दाखवला. ते म्हणाले, “कोंबडी बरी हाय. पर पोरगी मान्सांत कुठं बोलली?” त्यांनी वसतिगृहाची चौकशीसुद्धा करून ठेवली आहे बाई. मला जेवण जात नाही.

अक्षदा

घोडेगाव, २६ जुलै

चि. संस्कृती,

शाब्बास! ‘कोंबडी पुढे गेली’ हे वाक्य मी आल्यागेल्याला ऐकवते आहे. असंच लिहायचं. साधं आणि पाहिलेलं.

आता थोडं अवघड. घरातलं एक माणूस निवड आणि त्याच्यात चांगलं काय आहे ते लिही. या वेळी आईला शेजारी बसू द्यायचं नाही. दाखवायचंही नाही. तूच लिही, तूच पाकिटात घाल, तूच पत्ता लिही आणि तूच पेटीत टाक. आई रागावली तर म्हणावं, बाईंचा हुकूम आहे.

अक्षदा, जेव. पोरीचा रोग गेला आहे, आता भीतीही जाईल.

नसीम बाई

डिंभे, ८ ऑगस्ट

आदरणीय बाई,

हे मी एकटीने लिहिलं आहे. आईला दाखवलेलं नाही.

माझे आजोबा

माझे आजोबा हौशीराम हे डिंभे पंचक्रोशीचे आधारवड होते. कोणाच्याही दुःखात पहिली गाडी पकडून धावून जाणारा असा माणूस पुन्हा होणे नाही. धरणात गाव गेलं, पण ते खचले नाहीत. त्यांनी अनेकांना धीर दिला. परंतु काळापुढे कोणाचं चालतं? त्यांच्या जाण्याने आमच्या घरावरचं छत्र हरपलं आहे. ओसरीवरची खुर्ची रिकामी आहे. त्यांच्या पश्चात एक मुलगा, सून, नात आणि दोन म्हशी असा परिवार आहे. सर्वांनी जागेवर उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळावी, ही विनंती.

आपली,
संस्कृती

घोडेगाव, १४ ऑगस्ट

प्रिय अक्षदा,

काल टपाल आलं. पहिल्यांदाच हातात लाल पेन घेतलं आणि तसंच ठेवून दिलं.

पोरीने म्हटलं म्हणून मी खरोखर दोन मिनिटं उभी राहिले. रुक्सानालाही उभं केलं. तिच्या हातात लाटणं होतं, तशीच उभी राहिली बिचारी. तुला फोन केला, लागला नाही. आणि लागला असता तरी दुःखाच्या घरी फोनवर काय बोलायचं? तिथे जायचं असतं. तुझ्या सासऱ्यांची मी पत्रातून थट्टा केली, ती आता मनाला टोचते आहे. केवढा मोठा माणूस होता, हे त्यांच्या नातीकडून कळलं. शेवटी दोन म्हशींचाही परिवारात उल्लेख केलाय तिने. लेकराचं मन!

पत्र शुक्रवारचं आहे, त्याच दिवशी गेले असं धरलं तर दहावा दिवस रविवारी येतो. आमच्या शेजारच्या चांगदेव सरांना सांगितलं आहे, ते पूर्वी तुमच्या भागात शिकवायला होते. ते सगळ्यांना कळवतील. मी रविवारी पहिल्या एसटीने दशक्रियेच्या घाटावर येते. धीर सोडू नकोस.

नसीम बाई

घोडेगाव, १७ ऑगस्ट, रविवार संध्याकाळ

अक्षदा,

सकाळपासून स्टँडवर बसले होते. एसटी आली नाही. चांगदेव सर जीपने गेले, तिच्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

आत्ता ते परत आले. मी दारातच विचारलं, “कसं झालं?” म्हणाले, “छान झालं. हौशीराम लई खूश व्हते.”

दशक्रियेत खूश कोण होतं? मी पुन्हा विचारलं तर म्हणाले, “फक्त माझं भाषण लांबलं असं त्यांचं म्हणणं पडलं.” एवढं बोलून ते घरात गेले आणि पांघरूण घेऊन झोपले. चांगदेव सर सुपारीसुद्धा खात नाहीत. माझं डोकं चालेनासं झालं आहे. ताबडतोब कळव.

नसीम

डिंभे, २० ऑगस्ट

बाई,

तुमच्या पाया पडते. मामंजी जिवंत आहेत. आत्ता ओसरीवर बसून शेंगा खात आहेत.

आधी माझं खोटं सांगून टाकते. आमच्याकडे पेपर येतच नाही. मामंजींना दशक्रियेचा नाद आहे. आपल्या भागात दहावा म्हटला की घाटावर माइक आला, आणि माइक आला की मामंजी आले. ‘समस्त डिंभे ग्रामस्थांच्या वतीने’ बोलायचा मान त्यांचाच. मी रानात गेले की पोरगी एकटी कशी ठेवायची, म्हणून तेच तिला बरोबर नेतात. मी घरी शिकवते ती पोर गावोगाव दहावे हिंडते, हे तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगणार होते? तुम्हीच पेपरचं नाव काढलंत आणि मी ते धरून ठेवलं. एसटीचा निबंधही माझाच. कोंबडी मी पाहिली होती.

तुमचं चौदा तारखेचं पत्र मधल्या सुट्ट्यांमुळे सोमवारी मिळालं, म्हणजे सगळं उरकल्यावर. मग कुठे मला उलगडा झाला. मी संस्कृतीला धरलं, “अगं, जिवंत माणसावर असं लिहितात का?” तर ती म्हणाली, “बाईंनी आजोबांचं चांगलं लिहायला सांगितलं होतं. चांगलं तर माणूस गेल्यावरच बोलतात ना?” बाई, तिचं काय चुकलं सांगा.

आता रविवारचं ऐका. चांगदेव सरांनी मोबाइलवर कुठल्याशा ग्रुपला फुलांच्या हारासकट बातमी टाकली होती. डिंभ्यात पावसाने टॉवर बंद, आम्हाला काही पत्ता नाही. सकाळी घाटावर जीपगाड्या लागल्या. मामंजींना कोणीतरी सांगितलं की दहावा आहे. त्यांनी टोपी घातली, उपरणं घेतलं आणि पोरीचा हात धरला. मी विचारलं, “कुणाचा आहे?” म्हणाले, “तितं गेल्यावर कळंल की!”

घाटावर सगळी गर्दी बाहेरगावची. मामंजींनी पाठमोऱ्या एकाला विचारलं, “पावणं, कोन वारलं?” तो मागे न बघताच म्हणाला, “डिंभ्याचे हौशीराम.” “अरारारा! लई भला मानूस,” असं म्हणून मामंजींनी टोपी काढली आणि मान खाली घातली. तेव्हा संस्कृती त्यांचं धोतर ओढून म्हणाली, “आजोबा, ते तुमीच.”

तेवढ्यात माइकवर उभ्या असलेल्या, पलीकडच्या गावच्या गेणभाऊंनी त्यांना पाहिलं. माइक पायरीवर पडला आणि असा किंचाळला की नदीकाठचे बगळे उडाले. तो आवाज ऐकून मी रानातून धावत पोचले तेव्हा सगळा घाट मामंजींकडे बघत उभा होता. मला वाटलं, आता मामंजी एकेकाला झोडपतात. पण ते गर्दीकडे बघत राहिले. हळूच म्हणाले, “एवढी मान्सं माझ्यासाठी आली व्हय? मंग आलाच हाय तर बोला. म्या हितं म्होरं बसतो.”

आणि बसले की! लोक बोलले. गेणभाऊ म्हणाले, “हौशीरामांनी जन्मात कुणाशी वाकडं घेतलं नाही.” मामंजी खालून ओरडले, “आरं, बांधावरनं आपली केस व्हती की रं!” गेणभाऊंनी माइकवरूनच सुनावलं, “ज्याचा दहावा हाय त्यानं मधी बोलू नये.” चांगदेव सर तर असे रंगले की त्यांनी मामंजींना आधारवड, दीपस्तंभ आणि कल्पवृक्ष हे सगळं एकाच दमात करून टाकलं. पहिल्या दोन भाषणांना मामंजी मिशीवर हात फिरवत होते. तिसऱ्याला हात थांबला. चौथ्याला चेहरा उतरला. शेवटी ते उठून म्हणाले, “ही समदी माझीच भाषनं हायेत. हे मी निमगाव साव्याच्या पाटलासाठी बोललो व्हतो, हे घोडेगावच्या सोनारासाठी. तुमी नाव तेवढं बदललं. ह्यात मी कुठं हाय?”

एवढं बोलणारा माणूस, पण त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. मला फार वाईट वाटलं.

आणि माझी पोरगी उठली. मी तिला पाठवलं नाही, कोणी पाठवलं नाही. माइकपर्यंत तिचं तोंड पोचेना, मग गेणभाऊंनी तो खाली धरला. ती जे बोलली ते मी आठवेल तसं लिहिते.

“माझे आजोबा बाजारातून माझ्यासाठी भेळ आणतात. वाटेत निम्मी खातात आणि सांगतात, पुडा फाटला. मला सायकल शिकवताना ते स्वतःच पडले आणि म्हशीला ओरडले. म्हैस लांब होती.”

लोक हसायला लागले. मामंजी मान हलवून ‘खोटं हाय, खोटं हाय’ करत होते. मग ती म्हणाली,

“उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की आजोबा मला काठाने घेऊन जातात. तिथे चिखलात एक दगडी जोतं आहे. ते म्हणतात, हितं आमची चूल व्हती. मग ते गप्प बसतात. आजोबा सगळीकडे बोलतात, फक्त तिथे बोलत नाहीत. मी पण बोलत नाही. आम्ही ऊन उतरेपर्यंत बसतो. मी वसतिगृहात गेले तर तिथे त्यांच्याजवळ कोण बसणार?”

एवढंच बोलून ती खाली आली. घाटावर टाळ्या वाजवत नाहीत, पण एका म्हाताऱ्याने वाजवली आणि मग सगळा घाट वाजला. मामंजींनी टोपीत तोंड घातलं होतं. मी उघड रडत होते, लपवण्यात काय अर्थ? घर आल्यावर मामंजी फक्त म्हणाले, “भेळंचं सांगाया नको व्हतं.”

वसतिगृहाबद्दल चकार शब्द नाही. मी विचारलं, तर म्हणाले, “जे काय हाय ते मी बाईंना कळवीन. तू मधी पडू नको.” बाई, माझा जीव टांगणीला लागला आहे.

अक्षदा

डिंभे, २५ ऑगस्ट

नसीम बाईंना हौशीरामाचा रामराम.

हे पत्र मी सांगतोय आन संस्कृती लिवतीय. तिनं आपल्या पदरचं काय घातलं तर त्याला मी जबाबदार न्हाई. (आजोबांनी इथे थांबून तंबाखू मळली.)

तुमी माझ्यासाठी दोन मिन्टं उभ्या राहिल्या, सूनबाई लाटणं घिऊन उभी राहिली, हे पोरीनं तुमच्या पत्रांतनं वाचून दाखवलं. लई उपकार झाले. इतकी इज्जत मला जित्तेपणी कुनी दिली न्हाई. तुमची एसटी आली न्हाई त्याबद्दल वाईट वाटतं. तुमी आला असता तर तुमालाबी बोलाया लावलं असतं.

आता मुद्द्याचं. म्या तुमच्या शिकवन्यावर इस्वास ठिवला न्हवता. मला वाटलं, घरात बसून पत्रं लिवून कुठं पोरगी बोलंल? तर पोरगी बोलली. माझ्यापेक्षा बरी बोलली. (आजोबा हे वाक्य खोडायला सांगत होते, मी खोडलं नाही.) म्या उभा जन्म दुसऱ्यांच्या दहाव्याला बोललो, पर मान्सानं ऐकावं आन गेलेला मानूस म्होरं दिसावा, असं मला कदी जमलं न्हाई. तवापासनं मी दहाव्याला जानं कमी केलंय. गेलोच, तर आदी त्या घरात जाऊन इचारतो, की बाबा, ह्यो मानूस खायचा काय, हसायचा कशाला. लोक सांगत्यात. सांगता सांगता त्यांचं त्यांनाच बरं वाटतं.

वसतिगृहाचं मी मोडून टाकलं. तवाच घाटावर मोडलं व्हतं, पर सुनंला सांगितलं न्हाई, तिनं तुमाला पेपरबद्दल खोटं सांगितलं म्हनून जरा टांगून ठिवली. (आईने हे आत्ता दारातून ऐकलं. ती आधी हसली, मग आजोबांवर ओरडली, आता रडते आहे.) पोरगी घरीच ऱ्हानार. तुमी तिला शिकवा, लाल करा, हिरवं करा, काय पायजे ते करा.

आनखी एक काम हाय. माझा खरा दहावा कवातरी यायचाच. त्या दिशी गेणभाऊला माइक द्यायचा न्हाई, चांगदेव सराला तर न्हाईच न्हाई. आमच्या संस्कृतीनंच बोलायचं. तिला म्हनलं, आत्तापासनं लिवून ठिव. तर ही म्हनती, “आजोबा, बाईंनी पाहिलेलंच लिहायला सांगितलं आहे. मी तुम्हाला अजून पुरेसं पाहिलं नाही. खूप वेळ लागेल.”

म्या म्हनलं, लागू दे.

हौशीराम